कडोदऱ्याचं आमचं मंडळ : थोड्या होतो तेव्हाची गोष्ट



सुरतेतल्या मराठी महिला मंडळांचा विषय निघाला की उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा ही नावं येतात. तिकडे आपली वस्ती मोठी, त्यामुळे ते बरोबरच आहे. कडोदऱ्याचं नाव कोणी घेत नाही. कडोदरा म्हटलं की लोकांना चार रस्ता आणि तिथली ट्रॅफिक एवढंच आठवतं. पण इथेही आपल्या बायकांचं एक मंडळ तीस वर्षांवर चाललंय. त्याच्या दोन वह्या माझ्याकडे आहेत, म्हणून "तूच लिही" असं सगळ्यांनी मिळून माझ्यावर ढकललं. तर लिहिते. काही राहिलं असेल तर जुन्या मैत्रिणींनी सांभाळून घ्यावं.

आधी गावाबद्दल थोडं, कारण नव्या पोरापोरींना ते कडोदरा माहीत नाही.

मुंबई-अहमदाबाद हायवे आणि सुरतेहून बारडोली, नवापूरवरून धुळ्याला जाणारा रस्ता जिथे एकमेकांना कापतात, तो आपला चार रस्ता. तेव्हा ते 8 नंबर आणि 6 नंबर होते, आता 48 आणि 53 झालेत. धुळ्याकडून येणाऱ्या एस.टी.ला सुरतेच्या आधी कडोदरा लागतं. रेल्वेने आलं तर ताप्ती लाइनवरचं चलथाण स्टेशन जवळ. म्हणजे खानदेशातून पोट भरायला निघालेल्या माणसाच्या पायाखाली सुरतेआधी कडोदरा येतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा चार रस्त्यापासून जरा आत गेलं की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. काकरापारच्या कालव्याचं पाणी आणि चलथाणचा साखर कारखाना. गाळप सुरू झालं की संध्याकाळी मळीचा वास थेट घरात. ऊस तोडायला आपल्याच भागातली माणसं बैलगाड्या घेऊन यायची, पालं ठोकून राहायची. आणि त्याच उसाच्या मधून वरेली, जोळवा, तांतीथैयाकडे डाइंग-प्रिंटिंगच्या मिलच्या चिमण्या एकेक करून वर येत होत्या. आमचे हे अशाच एका मिलच्या फोल्डिंग खात्यात.

घर म्हणजे पत्र्याची एक रूम. ओळीत आठ रूम, सगळ्यांना मिळून एक नळ. त्या ओळीत मराठी मी एकटी. हे सकाळी गेले की रात्री यायचे. दिवसभर तोंडातून आपला शब्द निघायचा नाही. शेजारच्या गुजराती बा प्रेमळ होत्या, "आवो बेन, बेसो" म्हणायच्या, मी बसायचेही, पण बोलणार काय? मान हलवून हलवून मान दुखायची.

अशात एकदा बाजारात एक बाई भाजीवालीला "गलकां" न म्हणता "गिलके" म्हणाली. माझे कान टवकारले. मी नुसती बघत राहिले, तर तीच वळून म्हणाली, "कोनता गावनी शे वो तू?" भर बाजारात माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या धरणगावच्या मावशी. त्यांच्या ओळखीने मग दोंडाईच्याच्या वहिनी भेटल्या, शिरपूरवाली भेटली, नवापूरच्या काकू भेटल्या. माझं माहेर शिंदखेड्याजवळचं, म्हणून मी शिंदखेडावाली. नावाने हाक मारायची पद्धतच नव्हती. गाव हेच नाव.

मंडळ सुरू झालं ते प्लेगमुळे. ऐकायला विचित्र वाटेल, पण तसंच आहे.

1994 चा सप्टेंबर. गणपती नुकतेच बोळवले होते आणि सुरतेत वेड रोडकडे प्लेग आल्याची बातमी फुटली. दोन दिवसांत शहर हललं. रेल्वे, एस.टी., ट्रक, टेम्पो, जे मिळेल त्याने माणूस गावाकडे निघाला. खानदेशाकडे जाणारा लोंढा आमच्याच चार रस्त्यावरून पुढे जायचा. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं ट्रकमध्ये उभी, बायकांच्या कडेवर पोरं, हातात गाठोडी. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानात मिळेनाशा झाल्या. कोणी खोकलं तरी बाजूची माणसं सरकायची.

मी तेव्हा सातव्या महिन्यात. प्रवास नको आणि ह्यांचा पगारही व्हायचा होता, म्हणून आम्ही थांबलो. असे थांबलेले बरेच होते. एक दिवस दुपारी धरणगावच्या मावशी कागद-पेन्सिल घेऊन दारात. म्हणाल्या, "तुझं पूर्ण नाव सांग. सासरचं गाव, माहेरचं गाव, पत्ता. काही झालं तर कळवायचं कोणाला, हे कोणाला तरी माहीत पाहिजे."

मावशींचं शिक्षण चौथी. त्या उन्हात रूम रूम फिरल्या आणि चौदा बायकांची नावं लिहून आणली. तो कागद पुढे पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर डकवला, तो अजून आहे. वर "श्री" आणि खाली चार रकाने: नाव, सासर, माहेर, पत्ता. दोंडाईच्याच्या वहिनींचं खरं नाव काय, हे मला त्या कागदावरून कळलं. वर्षभर रोज भेटत होतो आम्ही!

देवाच्या कृपेने आमच्यातल्या कोणालाही काही झालं नाही. दिवाळीपर्यंत गेलेली माणसं परत आली, मिलचे भोंगे सुरू झाले. तो कागद मात्र मावशींनी फाडला नाही. म्हणाल्या, "पत्ते मिळाले, आता महिन्यातून एकदा तोंडं तरी बघू." पगार दहा तारखेच्या पुढेमागे व्हायचा, म्हणून दहानंतरचा पहिला शुक्रवार ठरला. मंडळाला नाव कोणी ठेवलं नाही. पाटी नाही, पावतीपुस्तक नाही, अध्यक्ष नाही. "शुक्रवारला येते ना?" एवढंच.

बायका जमल्या की भिशी आलीच. पंचवीस रुपयांपासून सुरुवात केली. चिठ्ठ्या टाकायच्या, एखाद्या लहान पोराकडून एक उचलायची, जिची निघाली तिला सगळी रक्कम. नियम दोनच. एक, कोणाला दवाखान्याची किंवा शाळेच्या फीची नड असेल तर चिठ्ठी बाजूला आणि पैसे आधी तिला. दुसरा, पैसे जिचे तिच्याच हातात.

दुसऱ्या नियमाची परीक्षा लवकरच झाली. एकीचे मिस्टर संध्याकाळी मावशींच्या दारात उभे. "भिशी निघाली म्हणे, द्या, मी नेतो." मावशी भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाव कोणाचं निघालं, भाऊ?" "हिचं." "मग तिला पाठवा." ते म्हणाले, मी काय परका आहे का. मावशी म्हणाल्या, "नाही हो, बसा, चहा घ्या. पैसे तिला." भाऊ चहा पिऊन गेले. त्या पैशातून त्या बाईने पिको-फॉलचं मशीन घेतलं. आज तिची सून त्याच धंद्यात आहे, दुकान आहे स्वतःचं.

वहीत कोणी काय घेतलं हेही लिहिलंय, कारण मावशींना ते लिहायची हौस. कुकर. सावकाराकडून सोडवलेली पोत. मुलीची दहावीची फी. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन. एका ठिकाणी फक्त "माहेरी जाऊन आली" असं लिहिलंय. अखाजीला खानदेशातल्या प्रत्येक लेकीला माहेर आठवतं, झोका आठवतो, गौराईची गाणी आठवतात. पण मिलला सुट्टी अखाजीला नसते. कोणाच्या जेवणाचे हाल, कोणाची पोरं शाळेत. त्या बाईला सहा वर्षांत जमलं नव्हतं. भिशी निघाली आणि ती भुसावळ पॅसेंजरने गेली.

शुक्रवारी आम्ही रिकाम्या हाताने कधी बसलो नाही. साड्यांचे गठ्ठे मांडीवर असायचे. कोणी लेस लावतंय, कोणी टिकल्या चिकटवतंय, कोणी धागे कापतंय. सुरतेची साडी देशभर जाते. मिलमधून निघालेलं कापड दुकानात जाण्याआधी अशा किती घरांतून फिरतं, ते नेसणारीला माहीत नसतं. पैसे नगावर, आणि तेही थोडेच. पण एकत्र बसल्यामुळे एक झालं, कोणाला कोण किती भाव देतं हे कळायला लागलं. घरी एकेकटीने काम करताना हे कळत नाही. पुढे पुढे माल देणारे भाव सांगायच्या आधीच म्हणायचे, "तमारी मासीने पूछी लो." मासी म्हणजे मावशी.

नवापूरच्या काकू सुरतेत महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका होत्या. रोज बसने जाऊन-येऊन. आमच्यात शिकलेल्या त्याच. कडोदऱ्यात मराठी शाळा नव्हती, पोरं गुजरातीत शिकायची. घरात बोलायची आपलं, पण लिहायला बसली की अक्षरावर रेघच नाही! काकूंनी शुक्रवारी मोठ्यांचं चाललेलं असताना कोपऱ्यात पोरांची बाराखडी सुरू केली. "आधी रेघ मारा, मग अक्षरं टांगा" असं त्या सांगायच्या. माझ्या मुलाने गावी आजीला पहिलं पत्र लिहिलं ते त्या कोपऱ्यात बसून. त्यातली निम्मी अक्षरं बोडकी होती, पण आजीने ते पत्र देवघरात ठेवलं होतं.

काकू आम्हाला इतिहासही सांगायच्या. आपण इथे परके, पोटासाठी आलेले, असं आम्हाला वाटायचं. काकू म्हणायच्या, अगं, हा पलसाणा तालुका म्हणजे बडोद्याच्या गायकवाडांचा मुलूख, नवसारी प्रांत. सयाजीरावांनी 1906 मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनासुद्धा. त्यांच्या महाराणी चिमणाबाई 1927 मध्ये पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा त्याच्या अध्यक्ष होत्या. आणि सुरतेचं वनिता विश्राम? ते 1907 मध्ये दोन तरुण विधवांनी काढलं, बाजीगौरी मुनशी आणि शिवगौरी गज्जर. एवढ्याशा दोघी, आणि आज तिथे महिलांचं विद्यापीठ आहे. दोघी गुजराती, चिमणाबाई मराठी, पण काम एकच, असं काकू म्हणायच्या.

"दोन विधवांनी" हे ऐकून मावशी त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. ते मला नंतर आठवलं.

आता ती गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय मंडळाचा इतिहास पुरा होत नाही.

धरणगावच्या मावशींचे यजमान फार पूर्वीच गेलेले. मुलाच्या नोकरीमुळे त्या इथे आल्या होत्या. मंडळाचं सगळं त्याच बघायच्या, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या पुढच्या खोलीत नसायच्या. आत बसून तिळाचे लाडू वळायच्या, वाणाच्या वस्तू मोजून द्यायच्या, भांडी घासायच्या. कोणी त्यांना आत बस म्हटलं नव्हतं आणि कोणी बाहेर ये असंही म्हटलं नव्हतं. त्यांचं त्याच बसायच्या, आणि आम्हा सगळ्यांना ते रीतीप्रमाणेच वाटायचं.

मग एका वर्षी दिवाळीनंतर शिरपूरवालीचे मिस्टर मिलमधल्या अपघातात गेले. तिचं वय सत्तावीस. दोन मुली, एक सहा वर्षांची, एक तीन. त्या महिन्याची भिशी तिला दिली, पुढच्या महिन्याचीही दिली, दाळ-तांदूळ जमवले. ते सगळं झालं. पण संक्रांत आली आणि प्रश्न आला. बोलावायचं का? कोणी स्पष्ट बोलेना. एकजण म्हणाली, "तिलाच वाईट वाटेल, नको बोलवू." दुसरी म्हणाली, "आपल्याही घरात लहान लेकरं आहेत, शकुन-अपशकुन बघावं लागतं."

मावशी इतकी वर्षं स्वतःसाठी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "मी आत बसले ते माझं वय होतं म्हणून. ती पोर आत बसणार नाही. हळदीकुंकू सगळ्यांना, नाहीतर कोणालाच नाही. काय ते ठरवा, मी वहीत लिहिते."

बराच वेळ कोणी बोललं नाही. साडीचे धागे कापायची कात्री तेवढी वाजत होती. शेवटी दोंडाईच्याच्या वहिनी म्हणाल्या, "लिहा मावशी. सगळ्यांना." वहीत ते वाक्य आहे, तारखेसकट. दोघीजणी त्या दिवसापासून यायच्या बंद झाल्या. त्यातली एक तीन वर्षांनी परत आली. का गेली आणि का आली, हे तिला कोणी विचारलं नाही.

पुढच्या श्रावणात कानबाई आली. नागपंचमीनंतरचा रविवार. खानदेशी माणसाला हा सण काय आहे हे सांगायला नको. आमच्याकडे रोटाचा गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने मोजतात, प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ. रोट ज्याचे त्याच्या भाऊबंदकीचे, पण रात्र जागवायला आम्ही सगळ्या एका ठिकाणी जमायचो. शिरपूरवाली म्हणाली, "माझ्याकडे आता कोणाच्या नावाने मोजू? रोट राहू द्या यंदा." मावशींनी सूप पुढे ओढलं. "तुझं एक, पोरींचे दोन. तीन सव्वा मुठी." आणि स्वतः मोजून दिले. त्या रात्री गाणी पहाटेपर्यंत चालली. शेजारच्या बा पण आल्या. शब्द त्यांना कळत नव्हते, पण टाळी गरब्याची द्यायच्या आणि ती आमच्या गाण्याला बरोबर बसायची. सोमवारी वाजतगाजत कालव्यावर गेलो, तेव्हा पाट डोक्यावर शिरपूरवालीच्या होता.

2022 मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, पेपरात आला, सरकारनेही मग परिपत्रक काढलं. ते वाचून मी वही काढून सगळ्यांना फोनवर ते वाक्य वाचून दाखवलं. आमच्या ठरावाला ना ग्रामसभा, ना शिक्का. पण तो मोडला नाही.

2006 चा पूर सगळ्यांना आठवत असेल. उकाईचं पाणी सोडलं आणि राखीपौर्णिमेच्या तोंडावर सुरत बुडालं. कडोदरा शहराच्या बाहेर, आमच्या घरात पाणी नव्हतं. उधना-लिंबायतकडे कोणाची बहीण, कोणाचा दीर. फोन लागेना. आम्ही चूल पेटवली आणि भाकऱ्या, ठेचा, बटाट्याची भाजी असं करून टेम्पोने पाठवायला लागलो. रूममालकाने पीठ दिलं, बांनी थेपले दिले. तीन दिवस हात थांबले नाहीत. मंडळाचं पटावरचं नाव तेव्हा चौतीस होतं. आमची सगळ्यात भरलेली वर्षं ती.

आणि ओहोटी पण तिथूनच लागली.

कडोदरा वाढत गेलं. उसाच्या शेतात सोसायट्या झाल्या, रूमच्या जागी फ्लॅट झाले, पंचायतीची नगरपालिका झाली. आपली माणसंही वाढली. आधी सगळ्या कडोदऱ्यात मोजून चौदा बायका होत्या, आता एकेका समाजाची शंभर-शंभर घरं झाली. मग ज्याची त्याची मंडळं निघाली. पाटील समाज, माळी समाज, शिंपी समाज, वाणी समाज, अशी. मी त्यांना नावं ठेवत नाही. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, वधू-वर मेळावा, अडल्यानडल्याला मदत, ही कामं ती करतात आणि चांगली करतात. माझ्या मुलाचं लग्न अशाच मेळाव्यातून जमलंय. पण शुक्रवारी बायका कमी व्हायला लागल्या. भांडण कोणाचं झालं नाही. फक्त त्याच दिवशी कोणाचा ना कोणाचा दुसरीकडे कार्यक्रम असायचा.

एकदा एका समाजाचे कार्यकर्ते आमच्याकडे आले. भली माणसं. म्हणाले, ताई, तुमचं काम जुनं आहे, आमच्यात सामील व्हा. महिला आघाडी करू, हॉल देतो, माइक देतो, बॅनर लावू. आम्हाला बरं वाटलं. कोणी तरी पहिल्यांदाच विचारत होतं. दोंडाईच्याच्या वहिनींनी विचारलं, "मग आमच्या सगळ्या येतील ना?" ते थोडे घुटमळले. म्हणाले, "ज्यांचा त्यांचा समाज आहे ना, वहिनी."

त्या शुक्रवारी चर्चा खूप झाली. हॉल पाहिजे असं वाटणाऱ्या होत्या, आणि त्यांचं चुकीचं नव्हतं. दर महिन्याला कोणाच्या घरी बसायचं, कोणाच्या सासूला चालतं, कोणाच्या नाही, याचा कंटाळा सगळ्यांनाच होता. मावशी तेव्हा थकलेल्या, भिंतीला टेकून बसलेल्या. त्या म्हणाल्या, "चौदा होतो तेव्हा कोणी कोणाला जात विचारली नाही. आपण मोठ्या मनाच्या होतो म्हणून नाही. तेव्हा ते परवडत नव्हतं. आता परवडतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "परवडतं म्हणून करायचंच का, एवढं बघा."

हॉल आम्ही घेतला नाही. त्यानंतर अकरा उरलो.

मंडळाचं काम संपलं असं मलाही वाटायला लागलं होतं. मग 2020 चा मार्च आला. लॉकडाऊन लागलं, मिल बंद, पगार बंद, माणसं धुळ्याच्या रस्त्याने पायी निघालेली. चार रस्त्यावर मला पुन्हा प्लेगचं वर्ष दिसलं, तोंडाला रुमालसुद्धा तसेच. भेटायची सोय नव्हती. मी वही काढली आणि जुन्या पानावरून एकेकीला फोन लावायला बसले. कोण कुठे राहायला गेली, कोणाच्या घरात काय आहे, काय नाही. आलेल्या, गेलेल्या, रागावलेल्या, सगळ्या. ज्या पंधरा वर्षं शुक्रवारला आल्या नव्हत्या त्यांनीही दुसऱ्या रिंगला फोन उचलला. एकीच्या घरात चार दिवस गॅस नव्हता आणि तिने आपल्या समाजात सांगितलं नव्हतं, लाज वाटली म्हणून. आम्हाला सांगितलं. भिशीचे जमलेले सगळे पैसे तेव्हा असेच गेले, चिठ्ठी न टाकता. त्याचा हिशोब वहीत आहे, नावं मुद्दाम लिहिली नाहीत.

मावशी आता नाहीत. काकू निवृत्त होऊन नवापूरला गेल्या. शिरपूरवालीची थोरली मुलगी नर्स आहे, धाकटीने बी.कॉम. केलं, आणि वही आता तीच लिहिते. माझं अक्षर बिघडलंय म्हणून.

शेवटी एक ताजी गोष्ट. आमच्या जुन्या रूमच्या ओळीत आता आपलं कोणीच नाही. ओडिशातल्या गंजामची, बिहारची, उत्तर प्रदेशची बिऱ्हाडं आहेत. त्यातली गंजामची एक पोरगी टिकल्या चिकटवायचं काम घ्यायला आमच्याकडे यायची. नवरा रात्रपाळीला, बोलायला कोणी नाही, हिंदी तोडकंमोडकं. बसायची आणि मान हलवायची. मला ते मान हलवणं ओळखीचं होतं. मी शुक्रवारी तिला घेऊन गेले. एक-दोघी कुजबुजल्या, "आपलं मराठी मंडळ आहे ना?" शिरपूरवालीने वही मुलीकडे सरकवली.

तिचं पूर्ण नाव लिहिलं. सासर लिहिलं, माहेर लिहिलं. दोन्ही गावं दोन वेळा विचारून घ्यावी लागली. पत्त्याच्या रकान्यात तिच्या आईचा फोन नंबर लिहिला. हे कशासाठी, असं तिने विचारलं. काही झालं तर कळवायला, असं सांगितलं. तर ती म्हणाली, माझा पण नंबर लिहा, तुमच्यापैकी कोणाला काही झालं तर मला पण कळवा.

ती धरून आम्ही आता बारा आहोत. पुढचा शुक्रवार माझ्याकडे आहे. जुन्यांपैकी ज्यांना यावंसं वाटेल त्यांनी यावं, आगाऊ कळवायची गरज नाही. बिबडे तळणार आहे.